अण्णांचं बुबुळ बदललंय. आता घरी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय काय पाळायचं?

विणकराची_लेक | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, उजव्या डोळ्याचं बुबुळ एकोणीस दिवसांपूर्वी पुण्यात बदललं. कुणीतरी दान केलेलं बुबुळ सोळा टाक्यांनी बसवलंय. परवा त्यांना घेऊन सोलापुरात आलो आणि उंबरा ओलांडल्यापासून माझ्या पोटात गोळा आहे.

पुण्यात एका खोलीत होतो, दवाखाना दहा मिनिटांवर. इथं घर अक्कलकोट रोडला. शेजारच्या दोन्ही शेडमध्ये माग चालतात, सकाळी झाडून काढलं तरी दुपारी फरशीवर तूस दिसतं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मग बॅरलमध्ये भरलेलं वापरायचं. ऊन आत्ताच भाजतंय, रंगपंचमी तोंडावर आलीय. त्यात अण्णा तंबाखू खातात, दिवसातून दहा वेळा तळहातावर चुना मळतात.

हे सगळं सुरू झालं गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत. मंगळवेढ्याला मामांच्या रानात ताटाच्या पात्याचा फटकारा डोळ्याला बसला. डोळा लाल झाला, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले. दोन दिवस बरं वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका. डॉक्टरांनी खरवडून तपासलं तेव्हा बुरशी निघाली, आणि आम्ही घातलेल्या थेंबात स्टेरॉइड होतं. बुरशीला खतपाणीच घातलं म्हणा. पाच महिन्यांनी जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं ते पडलंच.

म्हणून या वेळी मला चूक करायची नाही. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी घरातल्या सवयींपासून सगळं सांगा. अण्णांचं एकच पालुपद, "दुखत नाही ना काही, मग कशाला एवढं?"

जुळेसोलापूरकर | ३ मार्च, रात्री १०:०५

ताई, अण्णांना लवकर बरं वाटू दे. पहिलं काम, त्यांचा टॉवेल वेगळा करा. टॉवेलांच्या गावात राहून निम्म्या घरांत दोरीवर एकच टॉवेल असतो आणि पाचजण त्याला तोंड पुसतात. उशीचा अभ्राही वेगळा, दर दोन दिवसांनी धुऊन कडक उन्हात वाळवायचा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

वॉर्डातली_सिस्टर | ३ मार्च, रात्री ११:२०

मी नेत्रविभागात बारा वर्षं काम केलंय. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या सर्जनने लिहून दिलंय त्याच्या वर माझं काही नाही. पण घरी कुठं चुकतं ते रोज पाहिलंय.

ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही डोळ्यात तपकिरी आयोडीनचे थेंब, म्हणजे पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन, घालून काही मिनिटं थांबतो. पापण्यांच्या कडेला जे जंतू असतात ते आत जाऊ नयेत म्हणून. तिथं एवढी काळजी घेतलेली असते आणि घरी तोच डोळा पदराने टिपला जातो. पदर भाकरीच्या पिठाला लागलेला असतो, नातवाचं नाक त्यालाच पुसलेलं असतं. पदर नको, रुमाल नको, उपरणं नको. निर्जंतुक कापूस किंवा स्वच्छ टिश्यू, आणि तोही गालावर ओघळलेला थेंब टिपायला. डोळ्याला लावायचा नाही.

थेंब कसे घालायचे ते सांगते. आधी साबणाने नखांच्या कडांपर्यंत हात धुवा आणि हवेवर किंवा स्वच्छ कपड्याला कोरडे करा. अण्णांना उताणं निजवा. खालची पापणी गालाच्या हाडावरून हलकेच खाली ओढली की छोटी खोळ होते, थेंब त्या खोळीत टाकायचा, बुबुळावर नाही. वरच्या पापणीला बोट लावून दाबायचं नाही, टाके आहेत. बाटलीचं टोक पापणीच्या केसालासुद्धा लागता कामा नये. एकदा लागलं की ती बाटलीच जंतूंचं घर होते. मग डोळा अलगद मिटायला सांगून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट ठेवा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं गेली पाहिजेत. एकापाठोपाठ घातलं तर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

दुधासारखं पांढरं औषध असेल, बहुतेक प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड, तर बाटली नीट हलवून घ्या. गाळ तळाशी बसतो. न हलवता घातलं तर नुसतं पाणी पडतं आणि आपण समजतो औषध झालं.

आता स्टेरॉइड ऐकून दचकू नका. गेल्या वर्षी ते बुरशीवर घातलं गेलं म्हणून घात झाला. आता परक्या बुबुळाला शरीराने नाकारू नये म्हणून तेच लागतं, आणि मनाने बंद केलं तर बुबुळ जाऊ शकतं. मात्र त्याने डोळ्याची प्रतिकारशक्ती कमी होते आणि दाबही वाढू शकतो. म्हणून तर तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. साखर आहे का अण्णांना? असेल तर ती आटोक्यात ठेवा, जखम भरण्यात फार फरक पडतो.

माढ्याचा_शेतकरी | ४ मार्च, सकाळी ६:१५

ताई, तुमच्या अण्णांचं "दुखत नाही" वाचलं आणि राहवलं नाही. माझं बुबुळ सहा वर्षांमागं बदललं. मीही हेच म्हणत होतो.

बुबुळ बसवताना त्यातल्या बारीक शिरा, म्हणजे दुखणं कळवणाऱ्या नसा, कापल्या जातात. त्या परत यायला महिने, वर्षं लागतात, पूर्ण येतच नाहीत. त्यामुळे नेहमीच्या डोळ्यात कुसळ गेलं तर माणूस नाचतो, तसं या डोळ्यात होईलच असं नाही. मला आठव्या महिन्यात, उसाच्या तोडीच्या दिवसांत, नुसतं पाणी यायला लागलं. धुळीनं असेल म्हटलं. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बायकोनं आरशासमोर धरलं तर एका टाक्यापाशी ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका. टाका सैल झाला होता. सैल टाक्याला चिकटा धरतो आणि त्यात जंतू घर करतात. दवाखान्यात ठेवलं, तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. जंतू गेले, पण बुबुळ धुरकट झालं ते झालंच. दुसऱ्यांदा बदलावं लागलं.

एका माणसाच्या घरच्यांनी त्यांच्या दुःखाच्या वेळी दिलेलं बुबुळ मी चार दिवसांच्या आळसात घालवलं. हे मला आजही लागतं.

म्हणून रोज सकाळी खिडकीपाशी उजेडात बसवून अण्णांचा डोळा तुम्ही बघा. आणि चांगला डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातला आजचा आकडा त्यांना वाचायला सांगा, रोज त्याच जागेवरून. काल दिसत होता आणि आज धूसर, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं, चारातलं एक जरी वाटलं तरी. जंतू आहेत की शरीर बुबुळ नाकारतंय ते घरी ओळखू येत नाही, आणि दोन्हीचा इलाज वेगळा.

गावरान_गुण | ४ मार्च, सकाळी ११:३०

आमच्याकडे आजी डोळ्यात गुलाबपाणी नाहीतर गाईचं तूप घालायची, नव्वदीपर्यंत चष्मा नव्हता. उष्णतेनं डोळे लाल होतात, त्यावर थंडावा पाहिजे. केमिकलच्या थेंबांबरोबर हेही करून बघायला हरकत नसावी. मधही चांगला.

वॉर्डातली_सिस्टर | ४ मार्च, दुपारी १:०५

दादा, आजींचा मान राखून सांगते, हरकत आहे आणि मोठी आहे. आजींच्या डोळ्याला टाके नव्हते. या डोळ्यावर सोळा ठिकाणी सुई गेलीय. तूप, मध, गुलाबपाणी, कोथिंबिरीचा रस, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीच निर्जंतुक नसतं. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ असतं, आणि म्हणूनच तिथली जखम भरायला वेळ लागतो. हाताला कापलं तर आठ दिवसांत भरतं, इथले टाके बहुतेक वेळा वर्षभर किंवा जास्तच ठेवतात. तेवढा काळ दार उघडं आहे असं समजा.

पाण्याचंही तेच. नळाच्या, विहिरीच्या, टाकीतल्या पाण्यात एक सूक्ष्म अमिबा असतो. पोटाला त्रास देत नाही, पण बुबुळात शिरला तर काढता काढता महिने जातात. चार दिवस बॅरलमध्ये राहिलेलं पाणी तर नकोच. तोंडावर पाण्याचा हबका मारायचा नाही. अंघोळ गळ्याखाली. केस धुवायचे तर सलूनमध्ये मान मागे टाकून धुतात तसं दुसऱ्याने धुवायचे. चेहरा उकळून गार केलेल्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने, डोळा सोडून.

गावरान_गुण | ४ मार्च, दुपारी १:४०

टाक्यांचं लक्षात आलं नव्हतं, सिस्टर. ताईंनी माझं ऐकू नये. लिहिलेलं मागे घेतो.

अनघा_होटगीरोड | ४ मार्च, दुपारी ३:१५

थेंब ठेवता कुठं? मागच्या मे महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचे थेंब खिडकीत राहिले, बाटली हाताला गरम लागत होती. बेचाळीसच्या वर पारा गेला की आपल्या पत्र्याच्या खोल्या भट्टी होतात. बाटलीवर किती अंशांखाली ठेवायचं ते छापलेलं असतं, बारीक अक्षरात. आम्ही आता फ्रिजच्या दारात झाकणाच्या डब्यात ठेवतो, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि बाटली फोडली की चिकटपट्टीवर तारीख. महिना झाला की अर्धी उरली तरी फेकायची. जीवावर येतं, पण फेकायची.

धोटा_आणि_कांडी | ४ मार्च, रात्री ८:५०

मी यंत्रमागावर पंचवीस वर्षं काढली. तुसाचं टेन्शन बरोबर आहे. झाडू मारलात की ते उडतं आणि तासभर हवेत राहतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि पुसताना अण्णांना दुसऱ्या खोलीत बसवा. खिडकीला आमच्या बायकोनं जुनं मलमलचं धोतर दुपदरी लावलंय, वारा येतो, तूस अडतं. दर पाण्याच्या दिवशी धुवायचं. टेबलफॅन तोंडावर नको.

कारखान्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यानं उसळून डोळा गेलेले दोन जण मी पाहिलेत. तेव्हा कुणी चष्मा घालत नव्हतं, अजूनही घालत नाहीत. अण्णांना बाजूनं बंद असलेला चष्मा द्या, दिवसभर. रात्री दवाखान्यातलं भोकं असलेलं प्लास्टिकचं झाकण. झोपेत हात डोळ्यावर जातो, कळत नाही.

प्रथमेश_दयानंद | ४ मार्च, रात्री ९:३०

एक शंका. अँटिबायोटिक थेंब डॉक्टरांनी काही आठवड्यांनी बंद केले तरी आपण चालू ठेवले तर? सुरक्षितच ना?

वॉर्डातली_सिस्टर | ४ मार्च, रात्री १०:००

नाही. उगाच चालू ठेवले तर त्या औषधाला दाद न देणारे जंतू तिथं तयार होतात आणि बुबुळावरची नाजूक साल दुखावते. कधी थांबवायचं आणि कधी पुन्हा सुरू करायचं हे सर्जन सांगतील. उदाहरण द्यायचं तर टाका काढल्यावर काही दिवस पुन्हा देतात, कारण टाका ओढून काढताना बाहेरचा जंतू आत जाऊ शकतो.

भवानीपेठेतले_मास्तर | ५ मार्च, सकाळी ७:४५

चुन्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जगातलं पहिलं यशस्वी बुबुळरोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स या गावी, आजच्या चेक देशात, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केलं. रुग्ण होता एक मजूर, आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते! एका अकरा वर्षांच्या मुलाचा दुखावलेला डोळा काढावा लागला, त्याचं बुबुळ वापरलं. मजुराच्या एका डोळ्यातलं टिकलं आणि तो पुन्हा कामावर गेला. त्या काळी अँटिबायोटिकही नव्हतं.

अण्णांना ही गोष्ट सांगा. चुना मळलेलं बोट डोळ्याला लागलं तर जंतूंची वाटसुद्धा बघावी लागणार नाही. आणि कधी चुना गेलाच डोळ्यात, कुणाच्याही, तर मात्र मिळेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच, भरपूर, किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि मग दवाखान्याकडे धावायचं. तिथं नळाच्या पाण्याचं पथ्य बघत बसायचं नाही, चुना जास्त घातक.

विणकराची_लेक | ५ मार्च, रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्तर, तुमची गोष्ट अण्णांनी दोनदा ऐकली. "तो पण मजूरच होता व्हय?" म्हणाले. आज चुन्याची डबी स्वतःहून आईकडे दिली. तंबाखू सुटलेली नाही, नुसती चघळतात, पण चुना बंद.

आईला शेंगाचटणी कुटायचं काम होतं, तिखटाचे हात अण्णांच्या डोळ्याजवळ नकोत म्हणून ते शेजारच्या काकूंनी उचललं. आता थेंब फक्त मी घालते. भिंतीवर तक्ता लावलाय, खूण केल्याशिवाय पुढचा थेंब नाही. कालनिर्णयातला आकडा अण्णा अंथरुणावरून वाचतात, थोडा हलतो म्हणतात, पण वाचतात. साखर नाही, तपासून घेतली.

रंगपंचमीचं काय करू? गल्लीतली पोरं आत्तापासून पिचकाऱ्या आणलालेत.

जुळेसोलापूरकर | ५ मार्च, रात्री ९:५०

त्या दिवशी अण्णांना आमच्याकडे घेऊन या. तिसरा मजला, लिफ्ट आहे, गच्चीचं दार बंद. माझ्या बाबांना पत्त्यांना जोडीदार पाहिजेच आहे, आणि ते डाव हरले की रंग खेळल्यासारखे लाल होतात. तेवढाच रंग.

मीनाक्षी_सातरस्ता | ६ मार्च, सकाळी १०:२०

घरात लहान मुलं असतील तर एक सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा आमच्या घरात एकामागून एक चौघांचे डोळे आले. कुणाचा डोळा चिकटलेला दिसला तर त्याला अण्णांच्या खोलीत पाठवूच नका, आणि त्याचे थेंब अण्णांना किंवा अण्णांचे त्याला देऊ नका. डोळ्यांत बघितल्याने साथ पसरत नाही, हाताने पसरते.

आणि थोडं विषय सोडून. माझ्या आईचे डोळे आम्ही दान केले. पंखा बंद केला, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत करावं लागतं. रक्ताचा नमुनाही घेतात, एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासायला, म्हणजे घेणाऱ्याला त्यातून संसर्ग होऊ नये. कुणाला बसवलं ते आम्हाला सांगितलं नाही, सांगत नाहीत. अशा एखाद्या घरात चुन्याची डबी बंद झाली हे वाचून फार बरं वाटलं. आईला विड्याचं पान लागायचं, चुना जास्त लावून.

माढ्याचा_शेतकरी | ६ मार्च, दुपारी १२:१०

मीनाक्षीताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार.

विणकराची_लेक | १८ मार्च, रात्री १०:३०

धागा वर आणतेय, कारण सांगायलाच हवं.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे अण्णांना खिडकीपाशी बसवलं. चष्मा काढला तर पांढऱ्या भागात, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला, लालसर रेघ. बाकी डोळा स्वच्छ. विचारलं, दुखतंय का? नाही. टोचतंय? नाही. आकडा वाचा म्हटलं, तर १६ ऐवजी म्हणाले, "सहा दिसतोय, पुढचा नीट नाही." पुण्याची तारीख आठ दिवसांवर होती. आई म्हणाली, थांबू या संध्याकाळपर्यंत. अण्णा म्हणाले, "उगं रिक्षाचे पैसे."

खरं सांगते, माझीही पावलं अडली होती. मग माढ्याच्या दादांचा तो चार दिवसांचा हिशेब आठवला. पुण्याला फोन लावला, त्यांनी फोटो मागवला आणि इथल्याच एका नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जायला सांगितलं. साडेअकराला आम्ही तिथं होतो. एक टाका सैल. त्याच्या टोकाला कोळिष्टकाच्या धाग्यासारखा चिकटा आणि मुळाशी टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका डाग. मला यंत्रातून दाखवलं. टाका केसाहून बारीक, टोक वर आलेलं, पापणी मिटली की वाऱ्यावर हलावं तसं हलत होतं. अण्णांना त्याची काही जाणीव नव्हती.

डॉक्टरांनी टाका काढला, डाग हलकेच खरवडून नमुना तपासायला दिला. बुरशी पुन्हा आली नाही ना, हे आधी बघायचं होतं. बुरशी नाही. दोन दिवस तासाला थेंब, रात्री मी आणि भाऊ पाळीनं जागलो. स्टेरॉइड किती ठेवायचं ते पुण्याचे आणि इथले डॉक्टर फोनवर बोलून ठरवतायत. आज डाग लहान झालाय, लाली उतरलीय. १८ मात्र अण्णांनी सकाळी पूर्ण वाचला.

वॉर्डातली_सिस्टर | १८ मार्च, रात्री १०:५५

शाब्बास पोरी. आत्ता थेंब कमी केले तरी खिडकीपाशी बघणं चालूच ठेव. एक टाका कमी झाल्यावर शेजारच्या टाक्यांवर ताण बदलतो, पुढची तपासणी पुण्यालाच करून घे. आणि जाताना जनरल डब्यात खिडकीशी नको, वाऱ्याबरोबर कण येतात. आतल्या बाजूची जागा आणि चष्मा.

माढ्याचा_शेतकरी | १९ मार्च, सकाळी ६:०५

रात्री वाचलं. बायकोला उठवून सांगितलं.

विणकराची_लेक | १९ मार्च, सकाळी ८:२०

दादा, अण्णांना तुमच्याशी बोलायचंय. नंबर निरोपात पाठवते. सिस्टर, मंगळवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचं आरक्षण केलंय, आतल्या बाजूच्या जागा मिळाल्या.

मीनाक्षी_सातरस्ता | १९ मार्च, सकाळी ८:४०

मी स्टेशनजवळच राहते. पहाटे डबा घेऊन येते, तुम्ही स्वयंपाकात हात घालू नका. कडक भाकरी, दही आणि बिनतिखटाची भाजी. अण्णांना आणखी काही चालतं का, तेवढं कळवा.